हौसाबाईचं बाळ

“हे बाळ कुणाचं गं, छबू?”

“हौसाबाईचं.”

“आणि तुझं कुठंय?”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं पाहिलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. खाटेच्या पायथ्याशी तिची सासू तानूबाई मांडी ठोकून बसली होती. ती फटकन म्हणाली, “शिस्टर, तेवढं सोडून काय बी इचारा.”

“मावशी, मी तिला विचारतेय.”

“तिला काय अन् मला काय, एकच की.”

सकाळपासून हे असंच चाललं होतं. छबूला विचारावं झोप लागली का, तर सासू सांगणार, डाराडूर झोपली. छबूला विचारावं टाके दुखतात का, तर सासू सांगणार, आमच्या वक्ताला टाकं बी न्हवतं आन् दुखनं बी न्हवतं. पोरीनं तोंड उघडायच्या आत उत्तर हजर. वर खाटेवर सगळा कोंडा सांडलेला. गव्हाचा कोंडा, बाळंतिणीच्या खाटेवर! मी म्हटलं हे काय, तर तानूबाईनं पदरानं भराभरा झटकला आणि दुसरीकडं बघायला लागली. माझं डोकं असं तापलं होतं की त्यावर चहाचं आधण ठेवलं असतं तरी उकळलं असतं.

मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतवॉर्डाला होते. त्याच वर्षी मला पुण्याला मानसिक आजारांच्या शुश्रूषेच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. म्हणजे पाठवायचं होतं दुसरीला, तिनं घरचं लग्न काढलं आणि माझं नाव लागलं. पण मी मन लावून शिकले. पेशंटशी कसं बोलायचं, काय विचारायचं, आणि मुख्य म्हणजे विचारून झाल्यावर आपण गप्प कसं बसायचं. परत आले तर दवाखान्यात सगळ्यांनी माझी थट्टाच मांडली. “शालनबाई, माझं डोकं तपासा हो, कालपासून नवरा आवडायला लागलाय.” फार्मसीतला माणूससुद्धा मला बघून डोळे तिरळे करून दाखवायचा. मी हसायचे, पण आतून चिडायचे.

डॉक्टर मगदूम आमचे मोठे साहेब. हाताला यश असलेला माणूस. अडलेली बाई त्यांनी सोडवली नाही असं क्वचित झालं असेल. पण बाई एकदा मोकळी झाली की साहेबांच्या लेखी ती बरीच झाली. त्या दिवशी राउंडला त्यांनी छबूला विचारलं, “काय, बाळ दूध ओढतंय का नीट?” तर छबू म्हणाली, “हौसाबाईला इचारा. माझं न्हाई ते.” साहेबांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही, आपली सरळ सांगत होती. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

“साबळे सिस्टर, ही तुमच्या खात्यातली केस. बाळंतवेड दिसतंय. तुम्ही बोलून घ्या, तोवर मी जिल्ह्याला फोन करतो. दुपारी अँब्युलन्सनं पाठवून देऊ.”

तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कुणीतरी माझ्या शिक्षणाची बूज राखली असं वाटलं. पण बोलून घ्यायचं कसं? सासू हलेना. थोड्या वेळानं नवरा आला, निवास. उंच, शेलाटा, टोपी हातात चुरगाळणारा पोरगा. त्याच्यामागून मोठी जाऊ आली, तीच ही हौसाबाई. अंगापिंडानं दांडगी, हसरी, कडेवर तिचं स्वतःचं वर्षाचं पोर, अजून अंगावर पिणारं. आल्या आल्या तिनं छबूच्या शेजारचं बाळ उचललं आणि भिंतीकडं तोंड करून पाजायलाच घेतलं. छबू तिकडं बघेना.

जिल्ह्याच्या मनोरुग्णांच्या वॉर्डात न्यायचंय म्हटल्यावर मात्र तानूबाई ताडकन उठली.

“याड लागलंय म्हनता माझ्या सुनेला? आवं, काय तोंड हाय का काय! तिला मीच शिकवलंय तसं म्हनायला!”

साहेब तोवर आलेच होते. त्यांच्यासमोर तिनं आवाज अगदी खाली आणला, इकडंतिकडं बघितलं आणि सगळं सांगितलं. छबूची आधीची दोन पोरं गेली होती. एक जन्मताच, एक दुपट्यातून बाहेर यायच्या आत. म्हणून ह्या तिसऱ्याला जन्मल्याबरोबर तानूबाईनं दुपट्यात गुंडाळून दवाखान्याच्या मागं नेलं होतं, जिथं आमच्या स्वयंपाकघराचा कचरा पडतो तिथं. क्षणभर उकिरड्यावर ठेवलं, हौसाबाईनं उचललं, आत येऊन छबूच्या ओंजळीत मूठभर कोंडा घातला आणि बाळ विकत घेतलं. नाव ठरलं कोंडीबा. आता आईनं तोंडानं कबूल करायचं नाही की हे माझं. सटवीला वाटलं पाहिजे, हे टाकलेलं, विकलेलं पोर, ह्याच्यावर डोळा ठेवून काय करायचं?

“आन् हे असं बोलून दावायचं नसतंय,” तानूबाई म्हणाली. “तुमी बोलाय लावलं. आता काय वंगाळ झालं तर तुमच्या माथी.”

साहेब पोट धरून हसले. “साबळे सिस्टर, वाचलो की हो! शहाणीसुरती बाई आपण वेड्यांच्या वॉर्डात धाडली असती!” निवासही हसला. हौसाबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले, कारण माझ्या स्वतःच्या मामाचं नाव दगडू. त्याला माझ्या आज्जीनं शेजारणीला सुपात घालून दिला होता. मला हे आधी सुचायला हवं होतं, पण त्या पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये असलं काही शिकवत नाहीत.

हसली नाही ती फक्त छबू.

फोन रद्द झाला, गाडी रद्द झाली. मी माझ्या कामाला लागले. पण दुपारी इंजेक्शनं देत असताना ते बाळ रडायला लागलं. हौसाबाई बाहेर नळावर गेली होती, सासू भिंतीला टेकून घोरत होती. बाळ छबूच्या कुशीपासून हातभर लांब. रडून रडून लाल झालं. छबू पाठीवर पडून छताकडं बघत होती. तिच्या चोळीवर दोन्हीकडं दुधाचे ओले डाग पसरत गेले. तिनं मान वाकवून ते बघितले, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर सांडलंय तसे बघितले. हात काही उचलला नाही.

माझी आज्जी सांगायची, दगडूमामाला ती चारचौघांत ‘शेजारणीचं पोरगं’ म्हणायची आणि दार लावून त्याचे पाय चाटायची. तोंडानं नाही म्हणायचं असतं, पण जीव कसा नाही म्हणेल? विकलेलं पोर रडलं की आई आधी धावते आणि मग आठवून थांबते. ही थांबत नव्हती, कारण ही मुळात धावतच नव्हती. माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

मी तिच्याजवळ बसले. “छबू, काल झोप लागली का?” विचारलं. आता सासू झोपलेली, म्हणजे उत्तर छबूच देणार. तिनं ओठ हलवले, आणि तेवढ्यात हौसाबाई आली, “आगंऽ रडवलं का माझ्या कोंड्याला!” म्हणून बाळ उचलून घेऊन गेली. सासू जागी झाली. माझं उत्तर राहिलं ते राहिलंच.

मग मी युक्ती केली. म्हटलं, टाके बघायचेत, ड्रेसिंगच्या खोलीत चल. सासू निघाली बरोबर. मी दारातच अडवली. “मावशी, आत औषधं उघडी असतात, बाहेर थांबा.” कसली औषधं आणि कसलं काय! दार लावलं, कडी घातली. तिला टेबलावर बसवलं, मी समोर स्टूल घेतलं. बाहेर तानूबाई दोनदा दार ठोठावून गेली, मी ओ दिली नाही.

“छबू,” मी म्हटलं, “इथं कुणी नाही. सटवी पण नाही. ते बाळ तुझंच आहे हे तुला ठाऊक आहे ना?”

“न्हाई.”

“तसं म्हणायचं असतं, ते कळलं मला. माझ्यापुरतं सांग.”

“तुमच्यापुरतंच सांगतीया.” ती पुढं वाकली. आवाज इतका समजूतदार, जणू मलाच काही कळत नाहीये. “आत्याबाईनं माझं नेलं भाईर. तितं ठेवलं. मग थोरल्या जाऊबाईनं आनलं ते दुसरंच. तिनं चुकून दुसरंच उचललं. माझं तितंच ऱ्हायलं.”

पुण्याला आम्हाला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, अशा वेळी घाबरल्याचं दाखवायचं नाही, वाद घालायचा नाही, आणि सगळ्यात अवघड प्रश्न सरळ विचारायचा. लोकांना वाटतं विचारल्यानं डोक्यात येतं. येत नाही, असलेलं बाहेर येतं.

“ते दुसरं कसं, ओळखलंस कशावरनं?”

“डोळं बघा त्याचं. म्हाताऱ्या मानसावानी बघतंय. मी झोपली की माझ्याकडंच बघतंय. म्हनून मी झोपतच न्हाई.”

“मग तू काय करायचं ठरवलंयस?”

“घरी गेलं की जिथलं तिथं नेऊन द्यायचं. उकिरड्यात. हितला काय आन् घरचा काय, एकच. वरवर ठेवून उपेग न्हाई, कुनी बी परत उचलतंय. खाली घालायचं, खोल. मग माझं मला देतील.”

“त्याला इजा होईल, छबू. मरेल ते.”

“ते बाळ असंल तर मरंल ना, बाई,” ती म्हणाली आणि माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखी हसली. ते एवढंच हसू मी तिचं पाहिलं.

मी तशीच साहेबांकडं धावले. ओपीडीत खच्चून गर्दी. मी सगळं सांगितलं, एकेक शब्द सांगितला. साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली.

“सिस्टर, सकाळीच झालं ना हे प्रकरण? रीत आहे त्यांची.”

“साहेब, रीत आहे ते मान्य. पण रीतीखाली दुसरंच काही चाललंय. ती आत्ता मला म्हणाली, पुरून टाकणार.”

“गावाकडच्या बायका बोलतात हो असं. ‘नरडीचा घोट घेईन’ म्हणतात, घेतात का?”

“ही रागानं बोलत नाहीये! राग असता तर मला एवढी भीती वाटली नसती.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. इतक्यांदा म्हटल्यावर यावंच लागलं त्यांना, आले. खाटेजवळ उभे राहिले. सासू, नवरा, जाऊ सगळी गोळा. मी म्हटलं, सगळ्यांना बाहेर काढा. साहेब म्हणाले, कशाला, दोन मिनिटांचं काम आहे.

“काय छबूताई, बाळ कुणाचं?”

छबूनं सासूकडं बघितलं, पदर डोक्यावर घेतला. “आता तुमास्नी म्हाईतच हाय डाक्टर. माझंच हाय. पर तसं म्हनायचं नसतंय.”

“आज वार कुठला?”

तिनं वार सांगितला. गाव सांगितलं, दवाखाना सांगितला.

“आणि हे सिस्टरना काय सांगितलंस, पुरणार-बिरणार?”

“अगं बया!” छबूनं जीभ चावली. “मी कशाला म्हनू असं? दोन गेल्यात माझी.”

तानूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “ऐका! कडी लावून आत नेली आन् हे असलं वदवून घेतलं. शिस्टर, तुमाला लेकरं-बाळं हायत का न्हाई?”

मला तेव्हा मूल नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी तानूबाईनं जी समजूत सगळ्यांना घातली होती, तीच आता छबूनं स्वतःवर पांघरली होती. सकाळी ती खरं बोलत होती तेव्हा आम्ही तिला वेडी म्हणालो. आता ती खोटं बोलत होती तेव्हा साहेब मान डोलवत होते. मी चिडून म्हटलं, “साहेब, हीच तर खूण आहे! लपवायचं कुठं आणि सांगायचं कुठं हे ती ठरवतेय!” साहेब मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “साबळे सिस्टर, ट्रेनिंगहून आलं की प्रत्येकात रोग दिसतो. माझंही झालं होतं. दोन दिवस रजा घ्या.” रागावले असते तर बरं, समजावत होते! मला तिथंच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. उद्या सकाळी सोडायचं, असं त्यांनी सांगूनही टाकलं. पाचवी घरीच झाली पाहिजे म्हणून निवासनं घाई लावली होती.

मी निवासला गाठलं. “निवास, बायकोला घरी नेऊ नकोस. निदान एकटी सोडू नकोस.” तो टोपी चुरगाळत म्हणाला, “बाई, तुमी चांगल्या हाय. पर गावात एकदा हिला याडी म्हनलं की जलमभर याडीच म्हनतील. माझी भन लग्नाची हाय.” त्याच्या जागी तो खोटा नव्हता. म्हणून तर जास्त चिडचिड झाली, कारण भांडायचं तरी कुणाशी?

सकाळी त्यांची जीप आली. छबू हिरवी चोळी घालून तयार. तानूबाईनं बाळ नीट गुंडाळलं आणि छबूच्या मांडीवर ठेवायला गेली. छबूनं शहाण्यासारखे हात पुढं केले. आदल्या दुपारी ज्या हातांनी रडणाऱ्या पोराला शिवलं नव्हतं, ते आज मागून घेत होते.

डॉक्टरी मार्ग संपला होता. मग मी माझ्या आज्जीचा मार्ग धरला.

“तानूमावशी,” मी मोठ्यानं म्हटलं, जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “कोंडा दिला ना हौसाबाईनं?”

“दिला की.”

“सौदा झाला ना?”

“झाला.”

“मग विकलेलं पोर विकणारीच्या मांडीवर कसं देता? सटवी काय आंधळी आहे? दोन दिवस झाले नाहीत तोवर माल मूळ मालकिणीकडं! माझ्या आज्जीनं दगडूमामाला दात येईपर्यंत हात लावला नव्हता. शेजारणीच्याच घरी वाढला. म्हणून अजून आहे, सहा पोरांचा बाप.”

आज्जीनं हात लावला नव्हता हे मी पदरचं घातलं, ती तर पाय चाटायची. पण तानूबाईचे हात थबकले. दोन नातवंडं मातीत घातलेली बाई होती ती. तिनं छबूकडं बघितलं, हौसाबाईकडं बघितलं.

“आन् पाचवी?” तिनं विचारलं.

“बाळ जिचं तिच्याकडं. तुम्ही पूजा तेवढी मांडा बाळंतिणीच्या खोलीत. हौसाबाई, तुम्ही राहता कुठं?”

“आमी मळ्यातल्या वस्तीवर, येगळं.”

“उत्तम. दूध आहे तुम्हाला. घेऊन जा. आणि ऐका,” मी तिचं मनगट धरलं, “आई मागायला आली तरी द्यायचं नाही. रडली तरी द्यायचं नाही. कोंडा मोजलाय तुम्ही.”

हौसाबाई हसणारी बाई, पण माझ्या तोंडाकडं बघून हसायची थांबली. तिनं काही विचारलं नाही. बाळ घेतलं, पदराखाली घातलं आणि जीपच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. छबूचे हात तसेच पुढं होते. तिनं ते हळूच मागं घेतले आणि माझ्याकडं असं बघितलं, की जीप फाटकाबाहेर गेली तरी मला ती नजर जाणवत होती. मी तिचा डाव ओळखलाय, हे तिला कळलं होतं.

साहेब खिडकीतून सगळं बघत होते. आत गेले तर म्हणाले, “तुम्ही शिकलेल्या बायका असल्या अंधश्रद्धांना खतपाणी घालायला लागलात तर कसं व्हायचं?” माझ्या तोंडात आलेली शिवी मी गिळली. त्या दिवशी मी तीन पेशंटवर खेकसले आणि एका बिचाऱ्या आजोबांना, नातवंड बघायला चुकीच्या वेळी आले म्हणून, जवळजवळ हाकललं. रजा काही घेतली नाही.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी उघडायच्या आधीच निवास आला. छबूला दंडाला धरून आणलं होतं. ती न्हाऊन-माखून स्वच्छ, केसांना तेल, फक्त नखांत काळी माती. निवासच्या दुसऱ्या हातात गोणपाटात काहीतरी जड होतं. साहेबांच्या टेबलावर त्यानं ते ठेवलं आणि गोणपाट उलगडलं.

आत पाट्याचा वरवंटा होता. त्याला जरीचं टोपडं घातलेलं, भोवती बाळाचं दुपटं, आणि सगळं शेणामातीनं बरबटलेलं.

निवासला बोलता येत नव्हतं, शब्द तुटत होते. पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात. बाळ वस्तीवर, मग पूजेला बाळ कुठलं आणायचं? म्हणून तानूबाईनं वरवंट्यालाच टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि छबूच्या अंथरुणाशेजारी निजवलं. पहाटे बघते तर वरवंटा नाही. छबू चुलीपुढं बसून भाकरी खात होती, चांगली दोन भाकरी, किती दिवसांनी पोटभर जेवत होती. म्हणाली, दिलं बाबा जिथलं तिथं. उकिरडा कंबरेएवढा उकरलेला. तानूबाईनं हातानं माती काढली, आधी टोपडं लागलं, आणि ती तिथंच कोसळली.

“आईला वाटलं...” निवास म्हणाला, आणि खुर्चीचा हात धरून खाली बसला. “बाई, आईला वाटलं, थोरल्या वैनीनं रात्री आनून दिलं हुतं का काय.”

साहेब त्या टोपड्याकडं बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी फोन उचलला, जिल्ह्याला लावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “आता लक्षणं स्पष्ट झाली आहेत.”

“लक्षणं त्याच दिवशी स्पष्ट होती, साहेब!” मी ओरडलेच. आख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं. “ते पोर आत्ता ह्या टेबलावर असतं!”

साहेबांनी फोनवर हात ठेवला. मग हात काढला आणि पलीकडच्याला पुढचं सांगायला लागले. नोकरीत मला पुढं त्याचा त्रास झाला की नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं जराही वाटलं नाही, एवढं खरं.

छबू बरी झाली. असा आजार बरा होतो, वेळेत औषध मिळालं तर चांगला बरा होतो. पावसाळा सरता सरता ती घरी आली, आणि मग एक दिवस कोंडीबाला घेऊन मला दाखवायला आली. तिला त्यातलं फारसं आठवत नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही. पोरगं गोरंगोमटं, हौसाबाईच्या दुधावर गुबगुबीत झालेलं. तिनं त्याला कडेवर असं आवळून धरलं होतं की ते कुरकुरत होतं. तानूबाईही बरोबर होती. माझ्याशी बोलली नाही, पण जाताना माझ्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवून गेली.

ते सगळं चांगलं झालं. पण इतक्या वर्षांनी मला आठवते ती अँब्युलन्समधली छबू. जिल्ह्याला तिच्याबरोबर मीच गेले होते. निवास ड्रायव्हरशेजारी, मागं आम्ही दोघी. ती शांत होती, खिडकीबाहेर उसाची शेतं बघत होती. मध्येच तिनं माझा हात हातात घेतला. जीपमध्ये बसतानाचा राग तिच्या डोळ्यांत राहिला नव्हता. एखाद्या हट्टी मैत्रिणीची शेवटी समजूत पटवावी तशी ती म्हणाली,

“बाई, तुमीच म्हनत हुता ना, ते बाळ हाय म्हनून? एवढी माती टाकली बघा मी. हातानं दाबून दाबून टाकली. एकदा बी रडलं न्हाई. बाळ असतं तर रडलं असतं का न्हाई, सांगा?”

मी तिच्या नखांतली माती बघत होते.

“रडलं असतं, छबू,” मी म्हटलं. “रडलं असतं गं.”